रिकाम्या हौद्याची पिकअप आणि ४०२ मीटर

प्रश्न : माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस ही १.९ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर पिकअप आहे. रोज भांडुपहून तुर्भ्याला कामावर जाण्यासाठी मी तीच वापरतो. हौशी ड्रॅग शर्यतीत, म्हणजे थांबलेल्या गाडीने सुटून सरळ ४०२ मीटर (पाव मैल) धावण्याच्या शर्यतीत, उतरण्याची इच्छा आहे. गॅरेजवाल्याने ईसीयू रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलणे) सुचवला आहे; मित्र म्हणतात, हौद्यात वाळूची पोती टाक आणि हौद्याचा मागचा फाळका काढून ठेव. सुरुवात कशापासून करावी? रात्री मोकळ्या रस्त्यावर सराव केला तर चालेल का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. चालणार नाही. शासनाच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि पाम बीच रोड रात्री दोन वाजताही सार्वजनिकच असतो. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झालेल्या आहेत; एफएमएससीआय या देशातील मोटार शर्यतींच्या महासंघाची मान्यता असलेली स्पर्धा पाहूनच नाव नोंदवावे.

आता गाडीविषयी. आपले इंजिन १६३ पीएसचे आणि गाडी दोन टनांच्या आसपासची, म्हणजे ४०२ मीटरला ढोबळ हिशेबाने सतरा-अठरा सेकंद लागतील. रिमॅपने हा आकडा उतरेल, हे खरे. पण त्याबरोबर एक्झॉस्टचे तापमान आणि गिअरबॉक्सवरचा ताण वाढतो, वॉरंटी धोक्यात येते, आणि सोमवारी तुर्भ्याला याच गाडीने जायचे असते. पहिल्या हंगामात त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिकअपची खरी अडचण मागच्या बाजूला आहे. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर भार फार कमी पडतो, आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मात्र माल वाहण्यासाठी कडक केलेले असतात. अशा स्थितीत टू-व्हीलवर (फक्त मागच्या चाकांना ताकद) एकदम पाय दाबला की चाके फिरतात, अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळला जाऊन पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, पकड सुटताच ते झटक्याने मूळ आकारात येतात, आणि हे सेकंदात अनेकदा घडल्यामुळे मागचा भाग थयथय नाचू लागतो. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यूबोल्ट आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) जातात ते इथेच. म्हणून यूबोल्टचे नट टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत, पाट्यांचे बुश झिजले असतील तर बदलावेत, आणि जाड गोट्यांच्या ऑल-टेरेन टायरऐवजी हायवेचे टायर घालावेत.

वाळूची पोती टाकू नयेत. सुमारे ४५ किलोमागे सेकंदाचा दहावा भाग जातो, असा जुना ठोकताळा आहे; शिवाय शर्यत संपताना ब्रेक दाबल्यावर सुटे पोते केबिनच्या दिशेने धावून येते. आपल्याकडे फोर-हाय (चारही चाकांना ताकद) आहे, तेच सरळ रेषेत वापरावे. मात्र कोरड्या डांबरावर वळण्यापूर्वी टू-हायवर यावे, नाहीतर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू लागतात व पुढे-मागे ताकद वाटणारा ट्रान्सफर केस आवळला जातो. उलट स्टेपनी, जॅक आणि हौद्यातील सामान धावपट्टीवर पोहोचल्यावर उतरवावे, टाकीत पाव भाग डिझेल पुरे. फाळका लावलेलाच राहू द्यावा. तो बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत निघून जाते, त्यामुळे तो काढून फायदा होत नाही.

सुटण्यापूर्वी ब्रेक दाबून धरून थोडी रेस द्यावी, पण दोन-तीन सेकंदांहून जास्त नको; इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल तापते. आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही : आपली वेळ दिवा हिरवा झाल्यापासून नव्हे, तर पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरील प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यापासून मोजली जाते. दिव्याला उशिरा प्रतिसाद दिलात तर शर्यत हराल, परंतु फेरीनंतर मिळणाऱ्या कागदावरची वेळ बिघडणार नाही, त्यामुळे पहिल्या चार-पाच फेऱ्या समोरच्याकडे न पाहता केवळ त्या कागदासाठी माराव्यात.

ब्रेक ऑइल मात्र जाण्याआधी बदलाच. ते हवेतील ओलावा शोषते. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओलावा मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि मुंबईच्या दोन पावसाळ्यांनंतर ते कोरडे उरत नाही.

परतीच्या वाटेवर एक्स्प्रेस-वेला लागण्यापूर्वी स्टेपनी चढवावी आणि मागच्या टायरांतील हवा कमी केली असेल तर ती दाराच्या पट्टीवरील आकड्यापर्यंत भरून घ्यावी.