जुना जीएफ-१ घेतोयस तर

पॅनासॉनिकचा जीएफ-१ कॅमेरा घ्यायचा म्हणतोयस, जरूर घे. २००९चा, १२ मेगापिक्सेलचा. पण २० मिलिमीटर एफ/१.७ ही चपटी लेन्स त्यावर लाव, मग बघ. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गोव्यात म्हापशाच्या बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मंडपीचं) सामान विकणाऱ्या बायका मोठा कॅमेरा दिसला की सावरून बसतात. याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. त्या काळाची मला ओढ आहे ती यासाठीच. लेन्स बदलता येणारा कॅमेरा लहानात लहान कसा करता येईल, यासाठी तेव्हा कंपन्या झटत होत्या. पॅनासॉनिकचाच २०१३चा जीएम-१ तर बॅटरीसकट जेमतेम २०० ग्रॅमचा!

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, शक्यतो ८००च्या वर नेऊ नकोस. घरात, समईच्या उजेडात, लेन्सचं छिद्र पूर्ण उघड (एफ/१.७).

आणि घेण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बघच. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळो, सोडून दे. आपल्या पावसाळ्यात ती आणखी पसरते. जूनपासून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, चामड्याच्या केसमध्ये मुळीच नको. बॅटरी जुनी असणार, एक नवी आधीच शोधून ठेव.