न्यू ऑर्लिन्समध्ये दोन रात्री : काय प्यायचं?

आई-बाबांना घेऊन न्यू ऑर्लिन्सला दोन रात्री राहणार आहात, बाबा कधीमधी घेतात, आई अजिबात नाही, आणि तुम्हाला खास तिथलंच काहीतरी प्यायचंय. बहुतेक जण हरिकेन नावाचं कॉकटेल सुचवतील. माझं ऐकाल तर पहिल्या संध्याकाळी बाबांना सॅझरॅक पाजा.

लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने २००८ साली ते शहराचं अधिकृत कॉकटेल ठरवलं. राय व्हिस्की, साखर आणि पेशोज बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडवट, सुगंधी अर्क), बस. हे बिटर्स एकोणिसाव्या शतकात इथल्याच एका औषधविक्रेत्याने, आंत्वान पेशोने बनवले. खरी गंमत ग्लासात आहे. गार केलेल्या ग्लासात अ‍ॅबसिंथ किंवा हर्बसेंट (दोन्ही बडीशेपेच्या चवीची कडक मद्यं) जरासं टाकून ग्लास फिरवतात, आतून सगळीकडे लागलं की उरलेलं ओतून देतात. मग बर्फावर ढवळलेलं पेय त्यात गाळायचं आणि लिंबाची साल वरून पिळायची. ग्लासात बर्फ नसतो. घोट घेण्याआधीच बडीशेपेसारखा वास नाकात शिरतो. अ‍ॅबसिंथवर अमेरिकेत १९१२ मध्ये बंदी आली, तिची जागा पुढे १९३४ पासून हर्बसेंटने घेतली. आता दोन्ही मिळतात. रूझवेल्ट हॉटेलातल्या सॅझरॅक बारमध्ये निवांत बसून प्या. प्रकरण कडक आहे, एकच पुरे.

हरिकेन म्हणजे रम आणि पॅशनफ्रूटचं गोड सरबत. दुसऱ्या महायुद्धात व्हिस्कीची टंचाई होती, रम मात्र पडून होती, त्या काळात पॅट ओब्रायन्स या बारमध्ये हे लोकप्रिय झालं. कंदिलाच्या काचेच्या आकाराचा तो उंच ग्लास फोटोत छान दिसतो, पण गोडव्यामुळे रम किती पोटात गेली ते कळत नाही. घ्यायचंच तर दोघांत एक घ्या. दुपारच्या उकाड्यात त्यापेक्षा नेपोलियन हाऊस या बारमधला पिम्स कप कितीतरी बरा: पिम्स या जिनपासूनच्या मद्याचा, हलका, वर काकडीची फोड. मूळचा इंग्लंडचा असला तरी या शहराने तो आपलासा केलाय. रामोस जिन फिझ १८८८ पासूनचं आणि अप्रतिम आहे, पण त्यात कच्च्या अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडं चालत नसेल तर मागवू नका.

आईंसाठी सकाळी फ्रेंच मार्केटमधलं कॅफे दु मोंद. १८६२ पासून चालू आहे. चिकोरी घातलेली कडक कॉफी आणि गरम दूध साधारण निम्मं-निम्मं, त्याला कॅफे ओ ले म्हणतात. उडुप्याकडच्या फिल्टर कॉफीतही बऱ्याचदा चिकोरी असते, त्यामुळे ही चव त्यांना परकी वाटणार नाही. सोबत पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये, म्हणजे तळलेले चौकोनी डोनट. गडद कपडे घालून जाऊ नका.

उन्हाळ्यात जाणार असाल तर हॅन्सन्सचा स्नोबॉलही खा. पेय नव्हे, बर्फाचा गोळाच, पण बर्फ इतका बारीक की जिभेवर ठेवताच विरघळतो. नेक्टर क्रीम मागा: गुलाबी, बदाम-व्हॅनिलाच्या चवीचं. हिवाळ्यात दुकान बंद असतं.

फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागात पेय हातात घेऊन रस्त्याने फिरता येतं, मात्र काचेचा ग्लास चालत नाही. बारमध्ये सांगितलं की प्लास्टिकच्या पेल्यात ओतून देतात. बाबांचा पासपोर्ट जवळ ठेवा. वय एकवीसच्या वर आहे हे दिसत असलं तरी काही ठिकाणी ओळखपत्र मागतातच.