पासपोर्ट यादीत होता, गेटवर चालला नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या पोलिश वहिनी मे 2021 मध्ये अंधेरीत तुमच्याकडे होत्या, पासपोर्ट घेऊन कोविड लसीकरण केंद्रावर गेल्या आणि "आधार आणा" असं ऐकून गेटवरूनच परत आल्या. भाऊ म्हणतो, तेव्हा परदेशी माणसांना लस द्यायचा नियमच नव्हता, तो ऑगस्टमध्ये आला. तुम्ही म्हणता, नियम होता, गेटवरच्या माणसाला माहीत नव्हता. निकाल तुमच्या बाजूने देते, पण अर्धाच.

मी पार्ल्यात घरी परदेशी लोकांना मराठी शिकवते, बरीच वर्षं झाली. त्या वर्षी वर्ग फोनवर आणि लॅपटॉपवर गेले, आणि मार्चपासून क्रियापदं मागे पडून कोविन, म्हणजे लसीच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळच जास्त शिकवलं गेलं. अकरा जणांच्या नोंदणीत माझा हात आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आधी भावाचा मुद्दा. 9 ऑगस्ट 2021 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना कोविनवर नोंदणी करता येईल आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालेल. ही बातमी वाचली की कुणालाही वाटणार, म्हणजे आधी बंदी होती. पण ओळखपत्रांच्या यादीत पासपोर्ट आधीपासून होताच: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पेन्शनचं पुस्तक यांच्या पंगतीत. माझ्या अकरांपैकी सात जणांचा पहिला डोस ऑगस्टच्या आधी झाला, सगळे पासपोर्टवर. ऑगस्टच्या घोषणेने दार उघडलं असं मला वाटत नाही. दार किलकिलं होतंच. घोषणेमुळे दाराशी दाखवायला हातात काहीतरी आलं, एवढंच. अर्थात ते "एवढंच" ज्याच्याकडे नव्हतं त्याला विचारा.

पहिली खरी अडचण ओळखपत्राची नव्हती, फोनची होती. कोविनला भारतातला दहा आकडी मोबाइल नंबर लागायचा आणि एका नंबरावर चारच माणसं बसायची. माझी सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थिनी म्हणजे एक आयरिश नन, वय 76. मुंबईत चाळीस वर्षं काढलेली, पण पासपोर्ट आयर्लंडचाच. 1 मार्चला साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली आणि तिने उत्साहात फोन केला. कॉन्व्हेंटमध्ये मोबाइल एकच, आणि त्यावर चार सिस्टर आधीच नोंदलेल्या. पाचवीला जागा नाही. मग ती माझ्या नंबरावर आली: मी, नवरा, सासूबाई आणि सिस्टर. ओटीपी माझ्या फोनवर येणार, फॉर्म तिच्यासमोर उघडा. मी इंग्रजीत आकडे सांगायला लागले तर मला थांबवून म्हणाली, "नाही, मराठीत सांगा, सराव होईल." मी सांगितलं, "बेचाळीस, सत्तावन्न, एकोणनव्वद." एकोणनव्वदला गाडी अडली. तिने नव्व्याण्णव टाकलं, वेळ संपली, पुन्हा ओटीपी. तिसऱ्या खेपेला "बाई, आता इंग्रजीत" असं तिनेच म्हटलं. खासगी हॉस्पिटलात डोस 250 रुपयांना होता, तिला रांगेतून पुढे घेऊन खुर्ची दिली आणि पासपोर्टबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सत्तरीपुढच्या गोऱ्या ननला कोण अडवणार, हेही खरं आहे म्हणा.

वांद्र्याच्या एका जर्मन गृहस्थांची गोष्ट वेगळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झाल्या झाल्या, ते अपॉइंटमेंटशिवाय दुपारी उशिरा गेले. कोविशिल्डची बाटली दहा डोसांची, एकदा टोचली की चार तासांत संपवायची. संध्याकाळी बाटलीत तीन डोस उरलेले आणि रांगेत दोनच माणसं, अशा वेळी पोचलात तर नर्सच तुम्हाला हाताला धरून बसवायची. तसंच झालं. घाई मात्र नावात नडली. त्यांच्या आडनावात डोक्यावर दोन ठिपके असलेला यू आहे. कोविनच्या चौकटीत ठिपके येत नाहीत, म्हणून ऑपरेटरने नुसता यू मारला. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात मात्र ठिपकेवाला यू हा यू आणि ई अशा दोन अक्षरांनी लिहितात. विमानाचं तिकीट त्या स्पेलिंगचं. म्हणजे लसीच्या कागदावर एक माणूस आणि तिकिटावर दुसरा. जूनमध्ये कोविनवर नाव, जन्मवर्ष आणि लिंग दुरुस्त करायची सोय आली, पण दुरुस्ती एकदाच. मी त्यांना फोनवर अक्षर अक्षर वाचायला लावलं, दोनदा. माझ्या नवऱ्याला वाटलं मी कुणाला रागावतेय.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगायचे: केंद्रावर पासपोर्टचं फोटोवालं पान उघडून द्या, पण बोट तळाच्या ओळींवर ठेवा. तिथलं स्पेलिंग टाका. मधलं नाव, आजीचं नाव, बाप्तिस्म्याचं नाव, जे काही असेल ते तिथे जसं आहे तसंच.

आता वहिनींचा मे महिना. इथे तुमचा अर्धा निकाल भावाकडे जातो. तुम्ही वहिनींचं वय लिहिलेलं नाही. 1 मेला अठराच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली खरी, पण साठा नव्हता, आणि दहा-बारा दिवसांतच महाराष्ट्र सरकारने 18 ते 44 वयाचं लसीकरण थांबवून त्या लसी पंचेचाळीसवाल्यांच्या दुसऱ्या डोसला वळवल्या. वहिनी चव्वेचाळीसच्या आत असतील आणि 12 मेनंतर सरकारी केंद्रावर गेल्या असतील, तर आधार असतं तरी परत आल्या असत्या. त्या गेटवर दिवसभरात शेकड्याने माणसं परत पाठवणाऱ्याला प्रत्येकाला धोरण समजावत बसायला वेळ नव्हता. "आधार आणा" हे तोंडात बसलेलं वाक्य, ते बाहेर पडलं. पंचेचाळीसच्या वर असतील तर मात्र चूक सरळ त्या गेटची.

मी स्वतः एकाला घेऊन अशाच एका गेटवर उभी राहिले आहे. केनियाचा मुलगा, कलिन्याला शिकणारा. यादीचा प्रिंटआउट नेला होता. गेटवरच्याने तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, मग म्हणाला, "मॅडम, हे आपल्या पासपोर्टबद्दल आहे." आता त्या कागदावर कुठल्या देशाचा पासपोर्ट असं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो चुकला असं मला ठणकावून सांगता आलं नाही आणि तो बरोबर आहे असंही तो दाखवू शकला नाही. आत डॉक्टर बाई होत्या त्यांना निरोप पाठवला. त्या मास्क सावरत बाहेर आल्या, पासपोर्ट पाहिला, "व्हिसा किती तारखेपर्यंत आहे?" एवढं विचारलं (त्याचा लसीशी काय संबंध, मला अजून कळलेलं नाही) आणि म्हणाल्या, "आज स्टॉकच नाही हो." गेटवर अर्धा तास वाद घातला तो रिकाम्या फ्रीजसाठी.

शेवटी त्याला 26 जूनला खासगीत 780 रुपये भरून कोविशिल्ड मिळाली. पुढचं गणित असं. 13 मेला दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं होतं, म्हणजे कमीत कमी 84 दिवस. परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांना आणि ऑलिम्पिकला जाणाऱ्यांना जूनपासून 28 दिवसांनी दुसरा डोस घ्यायची सवलत होती. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी महापालिकेने कस्तुरबा, राजावाडी आणि कूपरमध्ये थेट या आणि लस घ्या अशी सोय केली होती, आणि छान केली होती. पण आपल्याकडे शिकायला आलेला मुलगा त्यात कुठे बसणार? त्याला 84 दिवसच. त्यात 15 ऑगस्टपासून लोकल फक्त दोन डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना, तेही सर्टिफिकेट तपासून मासिक पासावर. सांताक्रूझहून फोर्टला रोज बसने जायचा, खिडकीतून भरलेल्या लोकल बघत. दुसरा डोस 18 सप्टेंबरला, 14 दिवस संपले 2 ऑक्टोबरला. गांधी जयंती, सुट्टी, काम काही नव्हतं, तरी चर्चगेटपर्यंत जाऊन आला आणि मला फलाटावरच्या वडापावचा फोटो पाठवला.

कोव्हॅक्सिनबद्दल थोडक्यात. तिची रांग लहान असायची आणि अंतर 28 दिवसांचं, म्हणून चिलीची एक मुलगी तिकडे गेली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 3 नोव्हेंबरला आली, तोवर ती घरी जायचं तिकीट पुढे ढकलत बसली. रांग लहान का होती ते रांग संपल्यावर कळलं. पवईची जपानी बाई जास्त हुशार. जपानने 1 ऑगस्टपासून परदेशी राहणाऱ्या आपल्या नागरिकांना नारिता आणि हानेदा विमानतळांवर लस द्यायला सुरुवात केली होती. ती गेली, घेऊन आली, आणि मग इथे लोकलच्या खिडकीवर जपानी कागद कोणी वाचेना. कोविनमध्ये नाही म्हणजे लस नाही.

सगळ्यात वैताग झाला तो एका ब्रिटिश आजोबांना. कोविशिल्डचे दोन्ही डोस मुंबईत घेतलेले. सप्टेंबरच्या शेवटी इंग्लंडने कोविशिल्ड मान्य केली, पण भारताचं सर्टिफिकेट नाही. म्हणजे ऑक्सफर्डमध्येच जन्मलेली लस, पुण्यात बनलेली, टोचून घेतलेला माणूस ब्रिटिश, तरी मायदेशी गेल्यावर दहा दिवस घरात कोंडून. भारताने उलट उत्तर म्हणून 4 ऑक्टोबरपासून इंग्लंडहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरण लावलं. आजोबांना बहिणीला भेटायला जायचं होतं, त्यांना दोन्हीकडचे दहा दहा दिवस भोगायला लागणार. "मी नक्की कुणाचा?" असं त्यांनी मराठीत विचारलं, व्याकरण अचूक. त्यांनी तिकीट आठवडाभर पुढे नेलं आणि 11 ऑक्टोबरला इंग्लंडने भारतीय सर्टिफिकेट स्वीकारलं, दोन दिवसांनी भारतानेही अट काढली. दरम्यान सर्टिफिकेटवर नुसत्या जन्मवर्षाऐवजी पूर्ण जन्मतारीखही यायला लागली होती, ती त्यांची मी भरून घेतली.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगते. परदेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पासपोर्टवाले येतात. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन नेपाळी नागरिक आहे. नेपाळहून यायला पासपोर्ट लागत नाही, म्हणून त्याच्याकडे तो कधी नव्हताच. आधारही काढलेलं नव्हतं. ऑगस्टच्या घोषणेचा त्याला शून्य उपयोग. त्याच्या कामी आली 6 मेची वेगळी सूचना, ठरलेलं ओळखपत्र नसलेल्यांसाठीची: भिकारी, साधू, कैदी, वृद्धाश्रमातली माणसं वगैरे. त्यात प्रशासनाने कुणीतरी ओळख देणारा समन्वयक नेमायचा आणि विशेष सत्र लावायचं. आमच्या सेक्रेटरींनी वॉर्ड ऑफिसला चार फेऱ्या मारल्या तेव्हा त्याचं नाव अशा एका सत्रात लागलं. सर्टिफिकेट हातात आल्यावर त्याने ते लॅमिनेट करून घेतलं आणि केबिनमध्ये पाण्याच्या टँकरच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलं. अजून तिथेच आहे, थोडं पिवळं पडलंय.

वहिनींच्या बाबतीत आता एकच करा. त्यांचं वय आणि त्या कुठल्या तारखेला गेल्या ते कळवा. तारीख आठवत नसेल तर फोनमध्ये कोविनचे जुने मेसेज शोधायला सांगा, नोंदणीचा मेसेज बहुतेक कुणी पुसत नाही. आणि केंद्र सरकारी होतं की खासगी तेही विचारा, कारण खासगीत 18 ते 44 मे महिनाभर चालूच होतं. तसं असेल तर भावाला गप्प बसवायला मी मोकळी.