माया ठेवली का? शिवणकामातल्या एका शब्दाबद्दल

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या बचत गटातल्या बायका घरी कापडी क्लच, म्हणजे हातात धरायची छोटी पाकिटं, शिवतात. मोबाईलवरून एक इंग्रजी पॅटर्न उतरवून घेतला, रुंदी 16 सेंटिमीटर होती, रेघेवर कात्री चालवली, कडेपासून एक सेंटिमीटर आत टीप घातली. पाकीट सुरेख झालं, पण पाचशेची नोट आत जाईना. सासूबाईंनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "माया नाई ठेवली वं तू, म्हनून तं नोट जाऊन नाई राह्यली." ताई विचारतात: ही माया म्हणजे प्रेमाची माया का? की आपल्या बोलीत 'माया घरी चाल' म्हणतो, त्यातली? छापील मराठीत हा शब्द चालेल, की 'सीम अलाउन्स'साठी, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या जास्तीच्या कापडासाठी, दुसरा शब्द शोधावा? गटासाठी मराठीत कृतीचा कागद काढायचा आहे, त्यात 'पॅटर्न' आणि 'क्लच' यांना काय म्हणावं?

ताई, सासूबाईंचा शब्द शंभर टक्के मराठी आहे आणि त्यांचं निदानही अचूक आहे. पॅटर्नवर बारीक अक्षरात 'सीम अलाउन्स नॉट इन्क्लुडेड' असं लिहिलेलं असणार. म्हणजे कागदावरची रेघ ही शिवून तयार झालेल्या पाकिटाची रेघ होती, कापायची नव्हे. 16 सेंटिमीटर कापून दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिवणीत गेला, आत उरले 14. आपली पाचशेची नोट 15 सेंटिमीटर लांब, नवी शंभराची 14.2. दोन्ही अडकणारच. पन्नासाची 13.5 असते, ती तेवढी गेली असेल.

शिवणीच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. हा शब्द केवळ वऱ्हाडातला नाही. कोकणात, देशावर, पुण्या-मुंबईतही जुने शिंपी आणि घरी मशीन चालवणाऱ्या बायका तो वापरतात. शिवणवर्गात हल्ली 'मार्जिन' जास्त ऐकू येतं, त्यामुळे नव्या मुलींना 'माया' हा आजीचा शब्द वाटू लागला आहे. म्हणूनच हा प्रश्न आला याचा मला विशेष आनंद झाला.

आधी बोलीचा गुंता सोडवू. वऱ्हाडीत 'माझा'चं 'माहा' किंवा 'माया' होतं, हे खरं. पण तो शब्द पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: माया बाप, मायी माय, मायं घर. शिवणातली माया मात्र स्वतःच नाम आहे, स्त्रीलिंगी, आणि सामान्यरूपात तिचं 'माये-' होतं: मायेचं कापड, मायेसाठी दोन बोटं. दोन्ही शब्द एका वाक्यात आणून पाहा. 'माझी माया कमी पडली' हे तुमच्या बोलीत 'मायी माया कमी पडली' असं होईल. 'माया माया' असं कोणी म्हणणार नाही. दोन शब्द कानाला सारखे लागतात एवढंच, व्याकरणाने ते वेगळे आहेत.

आता प्रेमाची माया. बहुतेक जण शिवणातली माया तिथूनच आली असं समजतात. आईने लेकराच्या वाढत्या अंगासाठी कापड राखून ठेवलं, ती तिची माया. ऐकायला गोड आहे, आणि हा शब्द उच्चारताना बायकांच्या मनात ते येतही असेल. माझं मत मात्र वेगळं आहे, आणि त्याला आधार क्रियापदांचा आहे. प्रेमाची माया आपण 'करतो', 'लावतो', ती 'असते', 'सुटते', 'आटते'. शिवणातली माया 'ठेवतात', 'सोडतात', 'दाबतात', गरज पडली की 'काढतात', आणि शेवटी ती 'संपते'. ही क्रियापदं कुठे भेटतात? पैशाच्या मायेत. 'त्याने बरीच माया जमवली', 'म्हातारी मागे माया ठेवून गेली' असं आपण म्हणतो. संपत्ती, साठवून ठेवलेली पुंजी, हा मायेचा मराठीत चांगला रुळलेला अर्थ आहे. शिंप्याची माया मला त्या अर्थाची सख्खी बहीण वाटते. आज दिसत नाही, वापरात नाही, पण अडीअडचणीला उसवून काढता येते, अशी कापडाची पुंजी.

माझ्या लहानपणी घरात हे दरवर्षी घडायचं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात आई आमचे गणवेश काढून बसायची. माझ्या बहिणीच्या निळ्या स्कर्टची खालची दुमड उसवायची, दोन बोटं कापड खाली सोडायची आणि नव्याने हेम घालायची. उन्हात वाळून वाळून स्कर्टचा निळा फिका पडलेला असायचा. मायेतून निघालेला पट्टा मात्र दुकानातून आल्या दिवसासारखा गडद. त्या पट्ट्यांवरून कोणती पोरगी किती वाढली हे वर्गात कळायचं. तिसऱ्या वर्षी आई स्कर्ट उजेडात धरून म्हणायची, "आता यातली माया संपली." मग नवा घ्यावाच लागे.

मुळाकडे गेलं तर आणखी एक गोष्ट हाती लागते. संस्कृतात 'मा' धातूचा अर्थ मोजणे. मान, मात्रा, प्रमाण, परिमाण हे त्याचेच, आणि 'माया' शब्दही परंपरेने याच धातूकडे नेतात. आपलं 'मावणे' त्याच घरातलं. नोट पाकिटात मावली नाही, कारण माया ठेवली नव्हती: तुमच्या तक्रारीतले दोन्ही शब्द मोजण्याच्या एकाच धातूकडे जातात. शिंप्यांनी काही धातू बघून शब्द घेतला नाही, तो त्यांच्याकडे बोलण्यातूनच आला. तरी मापाच्या कामात मापाच्याच कुळातला शब्द नांदतो आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

एक खरी अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. ब्लाउजमधली माया आणि पाकिटातली माया कामाने सारख्या नाहीत. ब्लाउजला बगलेत एक-दीड इंच माया ठेवतात ती पुढे ढिला करता यावा म्हणून. पाकीट वाढत्या अंगाचं नसतं. तिथे माया लागते ती टीप धरण्यापुरती, आणि उलटून सुलट करण्याआधी ती उलट कमी करावी लागते: कोपरे टाक्याला धक्का न लावता तिरपे कापायचे, झाकणाच्या गोलाईला बारीक कात्रे द्यायचे, नाहीतर कोपऱ्यात गोळा होतो आणि कड फुगते. मग त्यालाही मायाच म्हणायचं का? म्हणायचं. वापरणाऱ्यांनी दोन्हीला तोच शब्द लावला आहे. फरक दाखवायचाच असेल तर पाकिटाच्या बाबतीत 'शिवणीची माया' म्हणा. 'शिवण-अनुमती' असले शब्दाला शब्द ठेवून घडवलेले प्रकार कृपा करून कागदावर आणू नका. ते वाचून कोणाचाही हात कात्रीकडे जाणार नाही.

कापडाप्रमाणे माया बदलते, हेही लिहा. सुती छापील कापडाला एक सेंटिमीटर पुरतो. भंडाऱ्याकडचा, मोहाडी-आंधळगावचा कोसा घेतलात तर दीड ठेवा, कारण त्याच्या कडेच्या दशा भराभर सुटतात आणि टीप निसटते. (कोसा हा 'कोशा'चाच शब्द. कोश म्हणजे किड्याचं घर आणि कोश म्हणजे खजिनाही. पैशाच्या पाकिटाला याहून शोभेलसं कापड नाही.) आत बकरम, म्हणजे ताठपणासाठीचं कडक कापड, घालणार असाल तर त्याला माया नको, ते तयार मापाचंच कापा. नाहीतर शिवणीत थर वाढतात आणि सुई मोडू शकते.

कृतीच्या कागदात एका शब्दप्रयोगापासून मात्र जपा. 'माया सोडून' या दोन शब्दांचे मराठीत दोन उलटे अर्थ होतात. 'माया सोडून कापा' म्हणजे माया ठेवून कापा. 'माया सोडून 16 सेंटिमीटर' म्हणजे माया वगळून 16. एकाच कागदावर दोन्ही आले तर नवी शिकणारी पोरगी हमखास फसेल, आणि ते तिच्या चुकीमुळे नव्हे. त्यापेक्षा शिंप्याचे दोन शब्द वापरा: 'तयार माप' आणि 'कटाईचं माप'. किंवा 'मायेसकट' आणि 'मायेशिवाय'. गोंधळाला जागाच राहत नाही.

'पॅटर्न'चं थोडक्यात. गावातल्या बायका 'पेपर कटिंग' म्हणतात, तेच लिहिलं तरी सगळ्यांना कळेल. मराठी शब्द हवा असेल तर 'बेतणे' हे क्रियापद तयार आहे: मापाप्रमाणे कापड आखून कापणे. 'बेताची परिस्थिती', 'बेतानं खर्च कर' यांत तोच मोजूनमापून असण्याचा भाव आहे. 'बेतणीचा कागद' म्हणा, कानाला परका वाटणार नाही.

'क्लच'बाबत मी जरा थांबलो. गावात क्लच म्हटलं की मोटारसायकलची तार आठवते. 'बटवा' म्हणावा तर बटव्याला नेफा आणि नाडी असते, तो तोंड आवळून बंद होतो. तुमच्या पाकिटाला झाकण आहे, घड्या आहेत, टिचबटण आहे. बांधणीने ते आपल्या चंचीच्या जवळचं. पान, सुपारी, चुना, तंबाखू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून घडी घालून कमरेला खोचायची ती कापडी चंची आजोबांकडे असायची. पण चंचीला तंबाखूचा वास इतका चिकटला आहे की लग्नात मिरवायच्या वस्तूला ते नाव कोणी घेणार नाही. 'खिसा' शब्द फारसीत थैलीसाठीच होता, पण मराठीत तो कधीचाच सदऱ्याला शिवला गेला, परत येणं नाही. मला 'घडीचं पाकीट' बरं वाटतं. दोन्ही शब्द रोजचे आहेत आणि ऐकताच वस्तू डोळ्यांपुढे येते. विकताना चिठ्ठीवर 'क्लच' लिहायला हरकत नाही, शहरातलं गिऱ्हाईक तोच शब्द शोधतं. पण शिकायच्या कागदावर घडीचं पाकीटच असू द्या.

मग तुमच्या कागदाची पहिली ओळ अशी होईल: "घडीचं पाकीट. तयार माप: रुंदी 16, झाकणासकट लांबी 25 सेंटिमीटर. चारही बाजूंना एकेक सेंटिमीटर माया ठेवा. कटाईचं माप: 18 बाय 27. वरचं कापड आणि अस्तर या मापाने, बकरम मायेशिवाय. दोन्हींच्या सुलट बाजू आत, समोरासमोर ठेवून टीप घाला, उलटण्यासाठी खालच्या कडेला चार बोटं तोंड मोकळं सोडा." छापण्याआधी हा कागद सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना जिथे अडेल, तिथला शब्द बदला.