आप्पांना गोष्ट नकोय, प्रूफ हवंय

प्रश्न : ताई नमस्कार. माझे सासरे 79 वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सगळं आयुष्य प्रेसमध्ये गेलं, आधी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, मग प्रुफं तपासायला लागले. शाळा सातवीपर्यंतच, पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश घेऊन तासन्‌तास बसायचे, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत. आता डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झालाय, डॉक्टर मॅक्युला म्हणाले, म्हणजे पडद्याचा मधला भाग. बाजूचं दिसतं पण जिथे बघतात नेमकं तिथलंच अक्षर जातं. आम्ही हौसेनं मोबाइलवर ऑडिओबुक लावून दिलं तर दहा मिनिटांत बंद करायला लावलं, म्हणाले हे ऐकणं झालं, वाचणं कुठे झालं. दिवसभर गप्प बसून असतात हो. काय करू?
– एक सून, मिरज

उत्तर : आप्पांचं म्हणणं मला तरी पटलं बरं का. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं आणि ही मंडळी ते सरसर वाचायची, वर ऱ्हस्वदीर्घावरून लेखकांशी भांडायची, अशा माणसाला नुसती गोष्ट कानावर पडून काय समाधान मिळणार? त्यात त्यांना करण्यासारखं काहीच नाही ना!

पण आधी डोळ्यांचं. या आजाराचे दोन प्रकार, कोरडा आणि ओला. ओल्यात डोळ्यात इंजेक्शनं देतात आणि वेळेत दिली तर आहे ती नजर बऱ्याचदा टिकते, म्हणून दाराची चौकट किंवा वहीच्या रेघा अचानक वाकड्या दिसायला लागल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. दुसरं, डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात लो व्हिजनचा, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीचा, वेगळा विभाग असतो, दुकानातून कुठलंतरी भिंग आणण्याआधी तिथे न्या. कुठलं भिंग चालेल ते बघून देतात आणि नजरेची कड वापरून अक्षर कसं पकडायचं तेही शिकवतात, सराव लागतो पण जमतं. घरी दिवा छताला नको, खांद्यामागून थेट पानावर पडेल असा हवा. आणि त्यांचा मोल्सवर्थ, 1857 ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहे. टॅबवर काळ्यावर पांढरं अक्षर करा, हवं तेवढं मोठं करा, एका वेळी एकच शब्द. शब्दकोश तसाही कोण सलग वाचतं (आप्पा वाचत असतील म्हणा).

आता मुख्य मुद्दा, आप्पांना काम द्या. जुन्या प्रेसमध्ये प्रूफ तपासायला दोघं बसायचे, एक जण मूळ कॉपी मोठ्यानं वाचणार, अगदी स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याचा डोळा प्रूफावर. आप्पांना हे सांगायला नको, तुम्हाला सांगतेय. घरात कोणी नातवंड असेल, मराठी वाचताना अडखळणारं असेल तर फारच छान, त्याला रोज पेपरातलं एखादं पान आप्पांसमोर विरामचिन्हांसकट वाचायला बसवा. चुकलं की आप्पा थांबवणार, वेलांटी पहिली का दुसरी विचारणार, हल्लीच्या पेपरात चुकांना तोटा नाही त्यामुळे मटेरियल भरपूर. लाल पेन नातवाच्या हातात, हुकूम आप्पांचा. पहिल्या दिवशी पोरगं वैतागेल, त्याला दोन कॉलममध्येच सोडा, आणि मध्ये पडून "जाऊ दे हो आप्पा, लहान आहे तो" असं मुळीच म्हणू नका.

ऐकणं म्हणजे कमी दर्जाचं, हा हट्ट मात्र त्यांनी सोडायला हवा. श्रावणात पोथी लागायची तेव्हा वाचणारा एक आणि ऐकायला अख्खी आळी. त्यातल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नसायची, पण ओव्या इतक्या पाठ की वाचणारा अडखळला तर पुढची ओळ त्याच सांगायच्या. तेव्हा ऑडिओबुक डिलीट करू नका, फक्त निवड तुम्ही करू नका. त्यांना जवळजवळ पाठ असलेलं पुस्तक लावा, स्पीड थोडा कमी ठेवा, वाचणाऱ्यानं कुठे शब्द खाल्ला ते त्यांना बरोबर कळेल आणि तेवढ्यासाठी तरी पूर्ण ऐकतील बघा.

ऑडिओत नसलेली पुस्तकं हवी असतील तर 2016 साली सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय आहे, ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय. नावनोंदणीला डोळ्यांच्या अडचणीचा पुरावा द्यावा लागतो, डॉक्टरांकडे जाल तेव्हाच दाखल्याचं विचारून घ्या. फॉर्म तुम्ही भरा, पण सबमिट करण्याआधी एकदा आप्पांना वाचून दाखवा, पत्त्यात काहीतरी काढतीलच.