सुरुवातीला एवढं सांभाळा: लेयर कोंबड्यांचं स्वस्त खाद्य

भाऊ, अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साधारण 110 ग्रॅम खाद्य लागतं. लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, एकदम बंद करू नका. 10 किलोच्या घाण्यात साडेआठ किलो फीड, एक किलो राईस मिलचा कोंडा, अर्धा किलो सोयाबीन ढेप. आठवडाभरात हळूहळू या मापावर या.

नवे लोक इथे चुकतात:

- कोंडा ताजाच घ्या. त्यातलं तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं. चिमूटभर हुंगून पाहा, कडवट वास आला तर परत करा.
- सरकी ढेप आपल्याकडे मुबलक, पण लेयरला नको. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो.
- घरचं कच्चं सोयाबीन घालू नका, प्रथिनं पचत नाहीत.
- बुरशीची कणी, मका फेकाच.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. टरफल पातळ झालं तर आधी तेच भांडं बघा.