मयताच्या घरी जायला चुकू नकोस

प्रिय बाळ,

आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतल्या नर्सिंग होममध्ये तुझी नोकरी पक्की झाली, फार बरं वाटलं. गाव एवढंसं म्हणून धास्तावू नकोस. एक चर्च, दोन पब, एक दुकान, त्यातच पोस्टाची खिडकी. झालं गाव. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. ओळख नसली तरी तूही उचल. गेलिक फुटबॉलचं थोडं शिकून घे. मेयोने १९५१ नंतर ऑल-आयर्लंड ही त्या खेळाची मोठी स्पर्धा जिंकलेली नाही, आणि ते दुःख घराघरात ताजं आहे. तू सिंधुदुर्गातली म्हटल्यावर लिओ वराडकरांचा विषय निघेलच. २०१७ मध्ये ते तिथले पंतप्रधान झाले, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. तिथला स्थानिक रेडिओ रोज गेलेल्या माणसांची नावं वाचतो. तेवढा वेळ आजी-आजोबा कुणाला बोलू देत नाहीत. त्यात ओळखीचं नाव आलं तर त्या घरी जायचंच. अंत्यविधीआधी मयताच्या घरी असं सगळ्यांनी जमायचं, याला ‘वेक’ म्हणतात.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारचे शेतकरी आजोबा गेले. शेगडीसाठी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा ते न सांगता माझ्या दाराशी ठेवून जायचे. परक्या बाईने दुःखाच्या घरात कशाला शिरावं, म्हणून मी गेले नाही. आठवड्याने त्यांची बहीण दुकानात भेटली. “तुला कुणी कळवलं नाही का गं?” एवढंच तिने विचारलं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

बाहेरच्या खोलीत उघडी शवपेटी असते, हातांत जपमाळ गुंफलेली. घरचे ओळीने बसलेले असतात. एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, “सॉरी फॉर युअर ट्रबल.” पुढे काही सुचलं नाही तरी चालतं. मग स्वयंपाकघरात शेजारणींनी आणलेली सँडविचेस आणि चहा. आपण मयताच्या घरी पाण्याचा घोटही घेत नाही, घरी येऊन आधी आंघोळ करतो. तिथे मात्र चहा न घेता उठलीस तर त्यांना लागेल. कप घे, बस, गेलेल्या माणसाच्या गोष्टी ऐक. मध्येच सगळे खळखळून हसतील, त्याने दचकू नकोस.

एक गडद कोट आणि टॉर्च घेऊन ठेव. त्या रस्त्यांना दिवे नसतात, आणि वेकच्या घरापासून गाड्यांची रांग फार लांबपर्यंत लागते.

तुझी,
मावशी